माझ्याआधी टायरच्या दुकानात जाऊन आलेला माणूस

अशा अनुभवांखाली खवचट प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. इथे माझं नाव वेगळं असतं, पण जुन्या वाचकांना भाषा ओळखू येईल. "मोबाइलवर रेकॉर्ड का नाही केलं?", "चांगल्या डॉक्टरला दाखवा", "कथा म्हणून ठीक" - हे सगळं मी लिहिलंय आणि त्यातलं काहीही मागे घेत नाही. भूत, पिशाच, करणी, कशावरच माझा विश्वास नव्हता. आजही देवळात मी चपला सांभाळायला बाहेर थांबतो. त्यामुळे हे वाचून तुम्ही खाली काय लिहिणार ते मला ठाऊक आहे. लिहा. मी उत्तर देणार नाही.

मी मूळचा नागपूरचा. बरीच वर्षं बेंगळुरूत आहे, आयटीत. के. आर. पुरमला, स्टेशनच्या अलीकडे आमचा फ्लॅट आहे. बायको रश्मी मात्र इथलीच. तिचं माहेर बसवनगुडीत, तीन-चार पिढ्यांपासून. घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. तिचे मोठे भाऊ दिनकरराव, त्यांचं तिथेच भांड्यांचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. मी म्हणत नाही. मी "दिनकरराव" म्हणतो, ते मला "हेमंतराव" म्हणतात, आणि या दोन "रावां"च्या मधे आमचं जे काही आहे ते लग्नाच्या दिवसापासून आहे. त्यांच्या मते मी घमेंडखोर. माझ्या मते त्यांना दुसऱ्याचं काहीच कळून घ्यायचं नसतं.

तरीही आम्ही दोघांनी मिळून एक मोटरहोम घेतलं... रश्मीच्या हट्टामुळे. तिला वाटलं, भाऊ आणि नवरा एका गाडीत बसून फिरले तर कधीतरी हसतील. व्हाइटफील्डचं एक जोडपं परदेशी निघालं होतं, त्यांच्याकडून घेतलं. मोठ्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी - आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, संडास. ठेवायची जागा आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर. तिथे एक वॉचमन असे. एक किल्ली माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.

आता टायरचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मोटरहोम चालतं कमी, उभं जास्त राहतं. त्यामुळे टायरची नक्षी झिजत नाही, वरून टायर नवा दिसतो. पण आतून रबर वाळत जातं, कडेला बारीक चिरा पडतात. टायरच्या बाजूवर तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला त्याचे आकडे असतात. आमचे सगळे टायर जुने निघाले, पुढचा उजवा तर सगळ्यांत जुना. शिवाय ते साध्या प्रवासी गाडीचे होते. एवढा पलंग-टाकी-ओट्याचा भार वाहायचा तर जास्त वजन पेलणारे, जाड कडांचे टायर पाहिजेत. मी यात बरेच दिवस डोकं घातलं होतं. कोणते घ्यायचे ते ठरलं होतं.

दिनकररावांनी वाकून नक्षीच्या खाचेत नख घातलं आणि मला दाखवलं.

"पूर्ण नख आत जातंय, हेमंतराव. याला जुना म्हणतात होय?"

"नक्षी नाही, रबर बघा. कडेला चिरा आहेत."

"तुम्ही कंप्युटरवाले वाचून वाचून घाबरता. आमचे वडील असल्या टायरवर तिरुपतीला जाऊन आले."

"मग तुम्ही वडिलांच्या गाडीने जा," मी म्हणालो. रश्मीने माझा दंड दाबला. विषय तिथेच राहिला.

रश्मीच्या मावसबहिणीचं लग्न बेळगावला होतं. रविवारी सकाळी चौघांनी मोटरहोमने निघायचं असं ठरलेलं. मी, रश्मी, दिनकरराव आणि वहिनी. मी स्पष्ट सांगितलं होतं, टायर बदलल्याशिवाय गाडी हलणार नाही.

शुक्रवारी दुपारी ऑफिसमधून लवकर निघून जुन्या मद्रास रोडवरच्या एका टायरच्या दुकानात गेलो. आधी कधीच गेलो नव्हतो. मालक गल्ल्यावर होता, जाडसर, कपाळाला कुंकू. मला बघताच उठून उभा राहिला.

"बेळिग्गे बंदिद्रल्ला, सार," तो म्हणाला. सकाळी आला होतात ना, सर.

माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. मी हिंदीत म्हणालो, "मी नाही. दुसरा कोणीतरी असेल. मला मोटरहोमसाठी टायर हवेत." आणि टायरचं माप सांगितलं.

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हिंदीत म्हणाला, "सकाळी इतकं छान कन्नड बोलत होतात. आता हिंदी?"

"मी सकाळी ऑफिसात होतो."

"हो, तुम्ही म्हणालाच होतात की असं बोलाल." तो गल्ल्यामागून बाहेर आला. "सर, घरी जा. मी तुम्हाला टायर देणार नाही. शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तुम्हालाच."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. नाहीतर कन्नड न बोलणाऱ्याला पिटाळायची नवी पद्धत. मी आवाज चढवला. त्याने वाद घातला नाही, फक्त टायर दाखवणाऱ्या माणसाला खूण केली आणि त्या दोघांनी मला हाताला धरून पायरीखाली आणून सोडलं. सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर ती त्यांच्या चेहऱ्यांची. त्यांना माझा राग आला नव्हता. कीव आली होती.

रश्मीला सांगितलं तर म्हणाली, "तू भांडला असशील रे. स्वल्प नीट बोलला असतास तर दिले असते त्यांनी."

शनिवारी सकाळी गाडी काढली. कुठे जायचं ते मुद्दाम ठरवलं नाही, कोणाला सांगितलंही नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बनशंकरीत मोठ्या रस्त्यावर टायरची पाटी दिसली आणि तिथेच थांबलो. निघताना अंगावर कॉफी सांडली म्हणून शर्ट बदलला होता. लांब बाह्यांचा हिरवा शर्ट, जो मी कधी घालत नाही. हे का सांगतोय ते कळेल.

काउंटरवर मध्यम वयाची एक बाई होती. मी आत पाय टाकला आणि तिने मागच्या माणसाला हळूच हाक मारली.

"सर, बसा," ती हिंदीत म्हणाली. "पाणी घ्या. टायरचं नंतर बघू."

"मी अजून टायर मागितलेही नाहीत."

"मघाशी सांगून गेलात ना. तुम्ही परत याल, वेगळंच बोलाल, चिडाल. तेव्हा कितीही भांडलात तरी टायर देऊ नका म्हणून." तिचा आवाज एकदम मऊ होता. "तुम्ही म्हणालात, मला असे झटके येतात, अक्का, मला सांभाळून घ्या. माझ्या भावालाही होतं असं. लाजायचं काही नाही त्यात."

मी काय करायला हवं होतं? शांत राहिलो असतो तर वेडा, ओरडलो असतो तर झटका. मी ओरडलो. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणालो, काय असेल ते दाखवा. ती जरा घाबरली, पण तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

दुकानाचं दार. एक माणूस आत येतो. हिरवा शर्ट, लांब बाह्या. चेहरा स्पष्ट दिसत होता आणि तो माझा होता. सारखा वगैरे नाही... माझाच. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा. तो खुर्चीत बसला, बाईशी बोलत होता आणि हसत होता. मी असा हसत नाही. माझ्या लग्नाच्या फोटोंतही मी असा हसलेलो नाही. जाताना त्याने कॅमेऱ्याकडे वर पाहिलं आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

स्क्रीनवर जी वेळ होती त्या वेळी मी रस्त्यात होतो, सिल्क बोर्डच्या चौकातल्या गर्दीत अडकलेलो.

मी त्या स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. हो, काढला. अजून आहे माझ्याकडे. बाहेर आलो तेव्हा डोकं तापलं होतं. भीती नव्हती... निदान तेव्हा तरी मला ती भीती वाटली नाही. कोणीतरी माझं तोंड लावून माझ्याआधी पोचतंय आणि लोकांना तो आवडतोय, याचा संताप होता.

घरी येऊन रश्मीला व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा चालवून बघितला. मग म्हणाली, "हा तूच आहेस."

"मी नाही."

"मग कोण आहे?"

यावर आमचं जे भांडण पेटलं ते जेवणाच्या वेळेपासून दिवस मावळेपर्यंत चाललं. मी म्हणालो, गाडी जाणार नाही, आपण रात्रीच्या बसने जाऊ, तसा तुझ्या भावाला फोन कर. ती म्हणाली, तुझा निर्णय, तू कर. मी म्हणालो, भाऊ तुझा. शेवटी फोन कोणीच केला नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी एकदा बेल वाजवून, सगळं ठीक आहे ना, असंही विचारलं. हे भांडण म्हणजे शनिवारचा माझा एकमेव पुरावा आहे. त्या दुपारी आणि संध्याकाळी मी घराबाहेर पडलो नाही. रश्मी क्षणभरही माझ्या नजरेआड नव्हती, आणि मी तिच्या.

आम्ही रात्रीही गेलो नाही. एकमेकांशी बोलत नव्हतो, बस कोण बुक करणार. रविवारी सकाळी रश्मीने धुसफुसत भावाला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग थोड्या वेळाने वहिनींचाच फोन आला. रश्मी नुसतं "कुठे? कुठे?" एवढंच म्हणत होती. तुमकूरच्या पुढे, सिऱ्याच्या अलीकडे. पुढचा उजवा टायर फुटला होता आणि मोटरहोम मधल्या दुभाजकावर चढलं होतं. वहिनी मागे पलंगावर पडलेल्या होत्या, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दिनकरराव गाडी चालवत होते. पत्रा आत येऊन त्यांचा पाय अडकला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी आधी प्लॉटवर धावलो. गाडी नव्हती. वॉचमन म्हणाला, "अण्णा सकाळी येऊन घेऊन गेले." मी विचारलं, मला न सांगता कशी नेली? तो गोंधळला. "काल संध्याकाळी तुम्हीच म्हणालात ना, अण्णा येतील, त्यांना नेऊ द्या. खाली बसून एकेक टायर पुसत होतात, काळं पॉलिश लावत होतात. मी पाणी दिलं तर थँक्स म्हणालात." मग म्हणाला, "पहिल्यांदाच."

हॉस्पिटलमध्ये भेटू दिलं तेव्हा दिनकरराव शुद्धीवर होते. वहिनी उशाशी, रश्मी पायाशी... जिथे पाय होता तिथे. मी दाराशीच उभा राहिलो.

"ये," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे. "जवळ ये. परवा आला होतास तसा."

"मी आलो नव्हतो, दिनकरराव."

"शनिवारी दुपारी दुकानात आलास. गिऱ्हाईकांसमोर माझ्या पाया पडलास. म्हणालास, अण्णा, माझं चुकलं, मी तुमच्याशी कधी नीट वागलो नाही. म्हणालास, टायर सगळे नवे टाकलेत, तुम्ही आणि वहिनी निवांत पुढे व्हा, आम्ही मागून ट्रेनने येतो. रश्मीला सांगू नका, ती मला हसेल." त्यांना धाप लागली. वहिनींनी पाणी पुढे केलं, ते त्यांनी हाताने सारलं. "सकाळी प्लॉटवर गेलो. टायर चकचकीत काळे. वाकून नख घालून बघायचं होतं. घातलं नाही. म्हटलं, माणूस एवढा मनापासून बोललाय, त्याच्यावर संशय नको."

"शनिवारी दुपारी हेमंत घरी होता, अण्णा," रश्मी म्हणाली. "माझ्यासमोर. आम्ही भांडत होतो."

"तू त्याची बायको आहेस. तू असंच म्हणणार."

मी मूर्खासारखा मोबाइल काढला आणि बनशंकरीच्या दुकानातला व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. वाटलं, हा बघून तरी... त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. तो नमस्कारही पाहिला.

"हाच," ते म्हणाले. "हाच आला होता. हाच हसत होता. आणि हा तू आहेस." मग त्यांनी डोळे मिटले. "पायाचं सोड. पाय काय, लाकडाचा बसवतात. पण तू मला अण्णा म्हणालास रे. मी रात्री बायकोला सांगितलं, माणूस सुधारला. तिला म्हटलं, आता मला भाऊ झाला."

वहिनी उठल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जा आता." मी निघालो.

तेव्हापासून त्या घराचं दार आम्हाला बंद आहे. मला तर आहेच, रश्मीलाही, कारण तिने माझी बाजू घेतली. बसवनगुडीत सगळ्यांना माहीत आहे की जावयाने सडक्या टायरना पॉलिश लावून मेव्हण्याला रस्त्यावर पाठवलं. तक्रार मात्र त्यांनी केली नाही, बहिणीसाठी. मी स्वतः होऊन चौकशी करा म्हणालो असतो तर व्हिडिओ माझाच, वॉचमन साक्षीदार, दोन्ही दुकानदार साक्षीदार. सगळे एकच सांगणार. आणि त्यातलं कोणीही खोटं बोलत नाहीये, हेच तर आहे.

तुम्ही सुचवणार ते सगळं केलं. डॉक्टर झाले, दोन झाले. मेंदूचे फोटो काढले. झटके नाहीत, विस्मरण नाही, झोपेत चालणं नाही. ऑफिसच्या दारावरच्या मशीनमध्ये शुक्रवारी सकाळची माझी नोंद आहे, मी आत होतो. मला जुळा भाऊ नाही. आईला नागपूरला फोन करून विचारलं, तीही माझ्यावर भडकली. जुन्या मद्रास रोडच्या त्या दुकानात पुन्हा गेलो, या वेळी रश्मीला घेऊन. मालकाने आम्हाला आत बसवून घेतलं, चहा दिला आणि रश्मीला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. बाहेर आल्यावर ती सांगेना. फार विचारलं तेव्हा म्हणाली, "ते म्हणाले, अक्का, तो सकाळचा माणूस असतो तेव्हा फार चांगला असतो. तो जास्त वेळ राहील असं काही बघा."

"सरी," ठीक आहे, एवढंच कन्नडमध्ये म्हणून ती चालत राहिली. मी तिच्या मागे.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. त्याला काय हवं होतं तेही कळलेलं नाही. दिनकररावांचा पाय, की माझं घर, की नुसतं लोकांनी त्याच्याकडे बघून हसावं एवढंच... मला माहीत नाही. ते मोटरहोम सिऱ्याच्या गॅरेजमागे पडून आहे. आम्ही आणायला गेलो नाही, जाणारही नाही.

रश्मी आता बेल वाजली की लगेच दार उघडत नाही. आतून काहीतरी विचारते, आम्हा दोघांनाच माहीत असेल असं. पहिल्यांदा कुठे भांडलो, तिच्या वडिलांनी मला कोणत्या नावाने हाक मारली होती, असलं. मी उत्तर देतो, ती कडी काढते. मला याचा राग येतो आणि मी तो दाखवतोही.

गेल्या आठवड्यात दुपारी बाहेरून आलो, बेल वाजवली. तिने विचारलं. मी वैतागून उत्तर दिलं. कडी निघाली. ती दारात उभी होती, चेहरा पांढरा, हातात किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरलेला.

"मघाशी पण बेल वाजली होती," ती म्हणाली. "हेच विचारलं. त्याने पण बरोबर सांगितलं."

"मग उघडलं का नाहीस?"

तिने मला आत घेतलं, कडी लावली, वरची लावली, खालची लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"उत्तर देऊन झाल्यावर त्याने विचारलं, तू जेवलीस का."